चार नंबरचं कलम

घुग्घुस, ९ जुलै २०२३

लच्छू, जोहार.

जूनमध्ये तुझे अकरा फोन आले. अकराही वेळा मी मिटिंगमध्ये होतो. हसू नकोस, युनियनचं काम म्हणजे अर्धं स्वतः बसणं आणि अर्धं दुसऱ्याला बसवणं. आता मी उलटून फोन लावतो आहे तर पर्लकोटा नदीला पूर, पूल पाण्याखाली, तुमच्याकडचा टॉवर मुका. म्हणून हे पत्र आश्रमशाळेच्या गुरुजींच्या पत्त्यावर टाकतो आहे, ते तुला वाचून दाखवतील. गुरुजी, आपली ओळख नाही. मी हेमराज, इथल्या वॉशरीतल्या, म्हणजे कोळसा धुण्याच्या कारखान्यातल्या कामगारांचा सेक्रेटरी. लच्छू तिथे नऊ वर्षं पंपावर होता. त्याची केस मीच लढवली आणि मिटवलीही मीच.

लच्छू, बारा जूनला तू चंद्रपूरच्या कामगार ऑफिसात समेट अधिकारी मॅडमसमोर सही केलीस हे फार शहाणपणाचं केलंस. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे माझ्या आजोबांनी नागभीडच्या बांधाच्या भांडणात शिकून ठेवलं होतं. आपला क्रेनवाला देवराव आठवतो ना? अकरा वर्षं लढला आणि जिंकला. जिंकल्याचा कागद त्याच्या बायकोने घेतला, कारण तोवर देवराव राहिला नव्हता. तुझं तीन तारखांत मिटलं. कंपनीने बडतर्फी मागे घेतली, तू राजीनामा दिलास, चेक मिळाला. दगडापेक्षा वीट मऊ. चेक बँकेत टाक, तीन महिन्यांनी तो चालत नाही.

तुला अकरा वेळा काय विचारायचं होतं ते मला ठाऊक आहे. मोहरील साहेब गावात कधी येणार. तुमच्या गावाची रीत तू मला टपरीवर इतक्यांदा सांगितली आहेस की ती आता मला माझ्या गावाची वाटते. गेल्या वर्षी कंपनीचा माणूस पोलिसांची जीप घेऊन तुझ्या घरी आला, हरवलेली तांब्याची केबल शोधायला. भर दुपारी तुझ्या धानाच्या कणग्या अंगणात उपसल्या. केबल मिळाली नाही, पण गावाने सगळं पाहिलं. आता ज्याने आळ घेतला त्याने किंवा त्याच्या माणसाने गावासमोर उभं राहून आळ खोटा होता असं तोंडाने म्हणावं, तोवर तू गावाच्या पूजेला हात लावायचा नाही. तुझे वडील, इतवारीबापू, थकले आहेत. पेरणीआधी बियाण्याची पूजा त्यांच्या हातून होते, त्यांच्यानंतर ती तुझी. बियाण्याला तो हात लागल्याशिवाय गावात कोणी पेरत नाही. म्हणजे पूजा पुढे कोणाला द्यायची यासाठी गाव थांबलं आहे, हे मला समजतं.

येतील साहेब. पावसाळा सरू दे. मोहरील म्हणजे कारखान्याचा कार्मिक अधिकारी, त्याला शंभर कामं. वच्छलाने तुझ्यासाठी जवसाची चटणी करून ठेवली होती. तू न भेटताच निघून गेलास, म्हणून ती मीच खातो आहे.

तुझा,
हेमराज


घुग्घुस, ३ सप्टेंबर २०२३

लच्छू,

तुझं पत्र मिळालं. अक्षर गुरुजींचं आहे, पण वाक्यं तुझीच. चार ओळी लिहिल्यास आणि माझी दोन दिवसांची झोप घालवलीस. मी ते पत्र वच्छलाला दाखवलं नव्हतं, तिने माझ्या शर्टाच्या खिशातून काढून वाचलं. तू लिहितोस:

"हेमराजभाऊ, तुमी तीन कलम वाचले. गुरुजीनं चार वाचले. चार नंबरात लिवून हाय का कंपनीनं कोनतीच चूक मानली नाई. मंग सायेब गावात येऊन काय सांगन?"

आधी मला राग आला, तो लिहून टाकतो. नऊ वर्षं तुझ्यासाठी कोणी बोलायला नव्हतं तेव्हा मी बोललो. मॅनेजरच्या टेबलावर हात आपटला. आणि तू गुरुजींना हाताशी धरून माझी परीक्षा घेतोस?

राग ओसरला. आता ऐक. हे कलम प्रत्येक समेटात असतं. तुमच्याकडे भांडण मिटतं ते चूक कोणाची हे ठरल्यावर. चुकणारा उभा राहतो, म्हणतो, आणि मग विषय संपतो. आमच्या चंद्रपूरच्या त्या ऑफिसात ते उलटं आहे. तिथे चूक कोणाची हे कोणी विचारायचं नाही, या एकाच अटीवर मिटतं. तिथे कोणाला उभं राहून 'मी चुकलो' म्हणावं लागलं असतं तर त्या टेबलावर आजवर एकही सही झाली नसती. गेली वीस वर्षं मी त्या बाकावर बसतो आहे, मला हे पाठ आहे. तुला ते ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तुला वाटलं, मिटवणं म्हणजे मिटवणं, ते सगळीकडे सारखंच असेल.

आणि मी ते तुला वाटू दिलं. मॅडमने मला विचारलं होतं, यांना सगळं वाचून दाखवलंत का? मी हो म्हटलं. त्याआधी बाहेरच्या बाकावर तू म्हणाला होतास, तुम्हीच वाचा, तुमच्यावर भरोसा आहे. मी तीन कलमं वाचली आणि पान उलटलं. मग तू ते विचारलंस. शब्द मला नीट आठवतात.

"सही झाल्यावर सायेब गावात येऊन सांगन ना, का मी चोर नाई?"

मी म्हणालो, "सांगन."

आता खरं विचार. मी 'नाही' म्हटलं असतं तर तू सही केली असतीस का? नसती केलीस. मग लेबर कोर्ट, मग दहा वर्षं, मग तुझाही देवराव झाला असता. तुझ्या भल्यासाठी खोटं बोललो. बापही पोराशी बोलतो तसं.

चेक टाकला का, ते लिहिलं नाहीस.

हेमराज


घुग्घुस, २१ नोव्हेंबर २०२३

लच्छू,

तू उत्तर दिलं नाहीस. बरोबर केलंस. मागचं पत्र मी आता मनातल्या मनात पुन्हा वाचतो तेव्हा त्यातला 'भल्यासाठी' हा शब्द मला वाचवत नाही.

दिवाळीनंतर मी मोहरील साहेबांकडे गेलो. म्हटलं, गावात येऊ नका, नुसती एक ओळ लिहून द्या, लच्छूने केबल चोरली नव्हती एवढीच. तो हसला. वाईट माणूस नाही तो, मला खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाला, ती ओळ लिहायची नाही म्हणून तर कंपनीने पैसे दिले. मी तरी बसून राहिलो. मग त्याने आवाज खाली आणून विचारलं, "हेमराज, तुम्हाला सगळं माहीत असून तुम्हीच सही घेतलीत ना? मग आता मला काय सांगता?"

गुरुजी, पुढचं गाळू नका. गाळायचं काम माझं होतं, ते मी करून बसलो आहे. लच्छूला प्रत्येक ओळ वाचून दाखवा.

केबल सापडली होती, लच्छू. चोरीला गेलीच नव्हती. तिसऱ्या तारखेच्या आठ दिवस आधी गाळाची मोठी टाकी उपसली, तिच्या तळाशी ती निघाली, पंपाचा जुना पाइप बदलताना पडलेली. वर कोळशाचा चिखल साचत गेला. तुझ्या कणग्या उपसल्या तेव्हा ती तुझ्या पंपापासून तीस पावलांवर चिखलात होती. बारा जूनच्या सकाळी कामगार ऑफिसच्या जिन्यात मोहरीलने मला हे सांगितलं. म्हणाला, हे रेकॉर्डवर आलं तर आमची चौकशी खोटी, बडतर्फी खोटी, वरून माझी नोकरी जाईल. आज लच्छूचं गोडीगुलाबीने मिटवा, पुढच्या महिन्यात तुमच्या तेरा जणांचं बघतो.

ते तेरा जण कोण हे तुला सांगायला नको. तुझ्याच पाळीतले. सात वर्षं त्यांना ठेकेदाराकडून काढून कारखान्यात कायम करा म्हणून मी भांडत होतो. जिन्यात उभा राहून मी हिशेब केला, एकीकडे तेरा चुली आणि एकीकडे एका माणसाचं नाव. नावाने काय पोट भरतं, असंही वाटलं. मग बाकावर येऊन तुझ्याशेजारी बसलो. तू मला अर्धी बिडी दिलीस, मी ओढली आणि तीन कलमं वाचली.

चोर सोडून संन्याशाला फाशी असं आपण म्हणतो. इथे तर चोरच नव्हता. आणि संन्याशाच्या गळ्यात दोर अडकवायला त्याचाच माणूस पुढे झाला.

वच्छलाला हे सांगितलं. तेव्हापासून गरजेपुरतंच बोलते. डबा भरून देते, पण समोर बसत नाही.

हेमराज


घुग्घुस, २८ जानेवारी २०२४

लच्छू,

तुझा निरोप मिळाला. गुरुजींनी कार्डावर लिहिलं आहे की माझं पत्र तू गावात वाचून घेतलंस. बापू, तुझा चुलतभाऊ जंगू, सगळ्यांसमोर. आणि गावाने म्हटलं, "कागद नको. जो बोलते तो मानूस पाह्यजे."

आधी इथलं सांगतो. तेरा जणांचं काय झालं? जूनपासून 'बघतो' चाललं होतं. एक जानेवारीला ठेकेदार बदलला, नव्याने स्वतःची माणसं आणली, तेराच्या तेरा घरी बसले. त्यातला मुखरू सिमेंटच्या फॅक्टरीत रोजीने जातो, बाकीचे विचारत फिरतात. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. ते धुपाटणं घेऊन मी रोज युनियनच्या ऑफिसात बसतो.

मग मी समेट अधिकारी मॅडमकडे गेलो. पहिल्यांदा नोव्हेंबरमध्येच गेलो होतो, ते तुला लिहिलं नव्हतं. तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, समेट दोघांना बांधतो, आता वाद काढायचा तर सही फसवून घेतली असं लिहावं लागेल, आणि कोणी फसवलं तेही. फॉर्म माझ्या हातात होता. मी तो घडी करून खिशात घातला आणि परत आलो. कारण तेव्हा तेरा जणांचं 'बघतो' अजून चालू होतं, आणि माझं सेक्रेटरीपदही.

या महिन्यात तो फॉर्म भरला. फसवलं कोणी, तिथे माझं नाव लिहिलं. मॅडमने दोनदा वाचलं, चष्मा काढला. कंपनीला पत्र गेलं. उत्तर आलं की अशी कोणतीही केबल मिळाल्याची नोंद नाही. मोहरीलची बदली ओडिशात झाली, फोन उचलत नाही. आता कळतं, न उचललेला फोन पलीकडून कसा वाजतो ते. टाकी पुन्हा चिखलाने भरली. टाकी उपसणारे दोघे जुन्या ठेकेदाराचे होते, परप्रांतातले, कुठे गेले कोणाला माहीत नाही. मॅडम म्हणाल्या, कोर्टात जायचं तर जा, पण तुमच्या शब्दाशिवाय तुमच्याकडे काहीच नाही.

मग माझा शब्द तरी तुझ्या गावाला देतो. धान झोडून झालं की येतो. मी आळ घेणारा नाही, पण आळ खोटा आहे हे कानाने ऐकलेला माणूस आहे. गावाने मानलं तर पेरणीच्या आत सगळं नीट होईल. मला आता यापलीकडे काही नको आहे, लच्छू. हे खरं लिहितो आहे.

हेमराज


घुग्घुस, ६ मार्च २०२४

लच्छू,

तू तिथे होतास, सगळं तुझ्यासमोर घडलं, मग हे कशाला लिहितो असं तुला वाटेल. गुरुजींनाही वाटेल. पण मी जे पाहिलं ते तू पाहिलं नसशील, कारण तू सारा वेळ खाली बघत होतास.

आलापल्लीपासून एसटीत मी वाक्यं जुळवत होतो. वीस वर्षं मॅनेजरांपुढे बोललेला माणूस मी, मला वाटलं होतं की बोलण्यात मी कमी पडणार नाही. गोटुलच्या, म्हणजे गावाच्या बैठकघराच्या, अंगणात गाव बसलं, बायका कुडाच्या बाजूला, बापू मधोमध घोंगडीवर. किती वाळले आहेत ते. तू म्हणाला होतास थकलेत, मला वाटलं होतं म्हातारा माणूस थकतोच. मी उभा राहून सगळं सांगितलं. जिना, टाकी, चौथं कलम, काहीच ठेवलं नाही. बोलताना एकदा रडलोही, ते ठरवून नव्हतं. तू माझं मराठी तुमच्या बोलीत सांगत होतास, तुकडा तुकडा करून.

मग जंगूने विचारलं, हा कंपनीचा माणूस का? तू सांगितलंस, नाही, हा माझा माणूस होता.

मला वाटलं, इथे माझी बाजू भक्कम झाली.

मग बापू बोलले, थोडंसंच. आणि तू ते मला सांगितलंस, खाली बघत, एका दमात.

"बापू म्हनते, हा मानूस लच्छूचा होता. लच्छूच्या तोंडावर खोटं बोलला. आज गावाच्या तोंडावर खरं बोलून राह्यला का नाई, हे आमी कशावरून मानाव? उद्या तिसऱ्याच्या तोंडावर अजून काही बोलन."

लच्छू, तुझ्यावर घेतलेला आळ कायम राहणार होता त्या वाक्याने. तुझा हात बियाण्याला कायमचा लागणार नव्हता. ते वाक्य तुझ्या बापाचं होतं आणि तुझ्याच तोंडून बाहेर पडायचं होतं. तुला ते मऊ करता आलं असतं. 'बापू विचार करतो म्हणते' एवढं म्हणून तू मला एसटीत बसवून देऊ शकला असतास. मी असतो तर तेच केलं असतं. तू एक शब्द गाळला नाहीस.

बापूंनंतरची पूजा गावाने तिथेच जंगूला दिली तेव्हा मी बापूंकडे पाहत होतो. त्यांनी होकाराची मान हलवली आणि मग ती मान वर उचललीच नाही. पोरगा चोर नाही हे त्यांना मनातून ठाऊक असणार. पण गावाचा न्याय करणाऱ्याने घरच्यासाठी वेगळा काटा वापरला तर गाव त्याला का मानेल? हे कळणारा माणूस त्या ऑफिसात मी वीस वर्षांत पाहिला नाही. आणि मी त्याच्याच पोराचं नुकसान करून त्याच्यापुढे उभा होतो.

मग जेवण झालं. पाहुणा म्हणून मला पंगतीत बसवलं. पत्रावळीवर भात, मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल घातलेली डाळ, आंबाडीची भाजी. तू वाढलंस. मला दोनदा भात वाढलास. मग सगळे बसले आणि तू आपली पत्रावळ घेऊन कुडाजवळ, पंगतीपासून चार हातांवर एकटा बसलास. मी शेजारच्या माणसाला विचारलं, लच्छू तिकडे का? तो म्हणाला, जीप आली तेव्हापासून तिथेच बसते. दीड वर्षापासून, लच्छू. नऊ वर्षं आपण एका डब्यात जेवलो, आणि हे तू मला एकदाही सांगितलं नाहीस. सही करून गेलास तेव्हा तुला वाटलं असेल, पुढच्या सणाला आपण आत बसू.

जेवण माझ्या घशाखाली उतरलं, हे मी लाजून लिहितो. सकाळपासून उपाशी होतो. खोटं बोलणारा पंगतीत होता, खरा माणूस बाहेर होता, आणि मी भात कालवत होतो.

चेक तू कणगीवरच्या फळीवर ठेवला आहेस, तो मी पाहिला. तारीख कधीच उलटून गेली. नवा मिळवून देतो असं मी म्हणणार होतो, पण तुझ्या चेहऱ्याकडे पाहून नाही म्हणालो. युनियनचा राजीनामा मी दिला आहे. त्याने तुझं काही होणार नाही, पण माहीत असावं.

नाक्यावर तू मला एसटीत बसवलंस आणि म्हणालास, "तुमी आले, हे बरं केलं भाऊ. आता पत्र नका लिवू. गुरुजीले त्रास होते." म्हणून हे शेवटचं. गुरुजी, तुम्हाला दिलेल्या त्रासाबद्दल माफी मागतो.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. काल संध्याकाळी घरी पोचलो. वच्छला दारात उभी होती. तीन महिन्यांनी ती आपणहून माझ्याशी बोलली. म्हणाली, "मानलं का जी गावानं? बसला का लच्छू पूजेले?" तिच्या तोंडाकडे पाहवेना. दिवसभर तिने काही खाल्लं नव्हतं, हे तिच्या ओठांवरून कळत होतं.

मी म्हणालो, "मानलं."

ती आत गेली, देवापुढे दिवा लावला, आणि माझ्यासमोर ताट घेऊन बसली. आम्ही दोघं जेवलो. बापूंना सांग, त्यांनी मला बरोबर ओळखलं होतं.

हेमराज